आठ महिने लिनक्सवर गेमिंग: ड्रायव्हरने कुठे साथ दिली, कुठे रडवलं

आठ महिन्यांपूर्वी पीसीवरचं विंडोज पूर्ण काढलं. तेव्हापासून जवळजवळ रोज खेळतोय, आणि कोणी विचारलं की आधी एकच सांगतो: ग्राफिक्स कार्ड कितीही दणकट असो, कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि मेसा (खुल्या ग्राफिक्स ड्रायव्हरांचा संच) किती नवे आहेत ते बघ.

सुरुवात जुन्या कार्डावर केली. त्याचा ड्रायव्हर बंदिस्त. कर्नल बदलला की ड्रायव्हरचं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) पुन्हा बिल्ड व्हायला हवं. तिसऱ्याच आठवड्यात ते झालं नाही. रीस्टार्ट केलं तर काळी स्क्रीन आणि कोपऱ्यात लुकलुकणारा कर्सर. ग्रबमधून (पीसी सुरू होताना येणारा मेनू) आधीचा कर्नल निवडला म्हणून निभावलं. आता एक जुना कर्नल कायम ठेवतो, तुम्हीही ठेवा.

मग एएमडीचं कार्ड घेतलं. इथे ड्रायव्हर शोधून टाकायची भानगडच नाही. एएमडीजीपीयू हा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो आणि व्हल्कनचा (गेम ज्यातून कार्डाशी बोलतात तो इंटरफेस) ड्रायव्हर, म्हणजे रॅडव्ही, मेसाबरोबर येतो. कार्ड बसवलं, बटण दाबलं, डेस्कटॉप हजर.

तरी पहिल्याच रात्री डायरेक्टएक्स १२ (विंडोजचा ग्राफिक्स इंटरफेस) वापरणाऱ्या एका गेममध्ये सावल्यांच्या जागी काळे चौकोन दिसायला लागले. दोन वाजेपर्यंत प्रोटॉनच्या (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) आवृत्त्या बदलत बसलो आणि दोष तिथे नव्हताच. 'स्थिर' म्हणून निवडलेल्या डिस्ट्रोतला (लिनक्सच्या तयार संचातला) मेसा वर्षभर जुना होता. नवा टाकला, चौकोन गेले. विंडोजचे बहुतेक गेम इथे डीएक्सव्हीके किंवा व्हीकेडी३डी-प्रोटॉन या भाषांतर करणाऱ्या थरांमधून व्हल्कनमध्ये उतरतात, त्यामुळे सगळा भार शेवटी व्हल्कन ड्रायव्हरवर येतो. काही बिघडलं तर आधी टर्मिनलमध्ये व्हल्कनइन्फो ही आज्ञा चालवा, ती व्हल्कनला दिसणाऱ्या उपकरणांची यादी देते. यादीत फक्त एलएलव्हीएमपाइप दिसलं तर कार्ड नुसतंच बसलंय, चित्र प्रोसेसर काढतोय.

खेळताना मध्येच बसणारे झटके हे माझं जुनं दुखणं. शेडर (रंग-प्रकाश ठरवणारे छोटे प्रोग्रॅम) ऐनवेळी कंपाइल होतात म्हणून ते बसतात. २०२२ मध्ये व्हल्कनमध्ये ग्राफिक्स पाइपलाइन लायब्ररी हे एक्स्टेंशन आलं. त्यामुळे शेडरचे तुकडे आधीच कंपाइल करून आयत्या वेळी पटकन जोडता येतात. नव्या मेसावर हा फरक मला पहिल्या तासातच जाणवला.

टीव्हीला जोडणार असाल तर जपून. २०२४ मध्ये एचडीएमआयचं मानक ठरवणाऱ्या संस्थेने एएमडीच्या ओपन ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ (४के १२० हर्ट्झ पूर्ण दर्जात नेणारी आवृत्ती) आणायला परवानगी नाकारली. त्यामुळे माझ्याकडे ४के १२० हर्ट्झला एचडीएमआयवर बारीक अक्षरांच्या कडा रंगीत, पुसट दिसायच्या. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट लावला आणि प्रश्न मिटला. टीव्हीवर मात्र ६० हर्ट्झवरच खेळतो.

अँटी-चीटचं (गेममधली फसवणूक पकडणाऱ्या सॉफ्टवेअरचं) दुखणं वेगळं, त्याला ड्रायव्हर काहीच करू शकत नाही. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय प्रोटॉनवर चालू शकतात, पण गेम बनवणाऱ्याने ते चालू करायला हवं. मित्रांबरोबर दर शनिवारी खेळायचो त्या गेमने ते केलेलं नाही. तो सुटला, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.