आधी धडा की आधी प्रयोग?

चौथीला शिकवणाऱ्या एका मैत्रिणीचा प्रश्न: विज्ञानाच्या तासातून माहितीपर वाचन-लेखन शिकवायचंय, तर आधी मजकूर वाचून घेऊ की आधी प्रयोग करू?

वेळेचं गणित सरळ आहे. धडा एका तासात वाचून होतो. घेवड्याचं बी ओल्या कापसावर ठेवलं की काही दिवस रोज दहा मिनिटं द्यावी लागतात, आणि एखादं बी कुजतंच. तयारीही प्रयोगालाच जास्त.

लेखनात मात्र खरा फरक दिसतो. आधी वाचलेली मुलं धड्यातलीच वाक्यं उतरवतात: ‘बीजाला अंकुरणासाठी पाणी लागते.’ आधी पाहिलेली लिहितात, ‘साल सुरकुतली. खालून पांढरा दोरा आला.’ मग धड्यात ‘मूलांकुर’ (बीतून आधी फुटणारं मूळ) शब्द भेटला की तो दोरा म्हणजे हाच, हे त्यांना सांगावं लागत नाही. शिवाय वाचताना शोध असतो: मूळ आधी का आलं, कोंब नंतर का? आकृतीतली नावंही मुलं आपल्या वहीतल्या चित्राशी ताडून बघतात. (निरीक्षणं लिहितात त्या दिवशी शुद्धलेखनाच्या चुका सोडून द्या.)

ज्वालामुखी, ग्रह, पचनसंस्था यांचा प्रयोग वर्गात कुठून करणार? तिथे मजकूरच आधी. शीर्षकं, अनुक्रमणिका, आकृत्या वाचायला शिकवायच्या तरी तोच क्रम सोयीचा. मुलांनी स्वतःच्या शब्दांत निरीक्षण लिहावं असं वाटत असेल, तर प्रयोग आधी. नुसता अभ्यासक्रम संपवायची घाई असेल, तर धडा.