सीपॅप (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) लावून झोपताना ऑक्सिजन कशावर बघायचा: स्मार्टवॉच की रेकॉर्डिंगवाला ऑक्सिमीटर?

ताई, बाबांसाठी दोन्हीत अडकलीयस म्हणून सांगते, जाहिरातीतलं सगळं बाजूला ठेव. मुख्य प्रश्न एकच, रीडिंग किती वेळाने घेतं. श्वास १० सेकंद थांबला तरी ॲप्निया धरतात, आणि बरीचशी घड्याळं रात्रभरात मध्येमध्येच मोजतात, म्हणजे ९५ वरून ८६ वर जाऊन परत आलेला आकडा दोन रीडिंगच्या मधे सहज निसटतो. रेकॉर्डिंगवाला दर काही सेकंदांनी नोंद ठेवतो, सकाळी अख्खा आलेख मिळतो, तासाला किती वेळा घसरला तेही. सीपॅपचा एएचआय (तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा कमी झाला तो आकडा) ५ च्या खाली दिसला तरी मशीन स्वतः ऑक्सिजन मोजत नाही हे विसरू नकोस!

आरामात घड्याळ पुढे. ऑक्सिमीटरचं बोटातलं टोपण झोपेत निघतं, बोटं गार असली की आकडा चुकतो.

खर्चाचं म्हणशील तर घड्याळ आधीच असेल तर फुकटच, पण खास यासाठी नको घेऊस.

सीपॅपचं प्रेशर नुकतंच बदललं असेल किंवा सकाळी डोकं जड असेल तर ऑक्सिमीटरच, आणि आलेख डॉक्टरांना दाखव, घरी प्रेशर बदलू नका. सगळं बसलंय, नुसती नजर ठेवायचीय तर घड्याळ चालेल.