रंगपंचमीच्या दिवशी झालेलं कॅलिब्रेशन

इंदूरबाहेर देवास रोडवर आमचं बटाट्याचं कोल्ड स्टोरेज आहे, बाबांनी उभं केलेलं, अमोनियावर चालणारं. तीन वर्षं ज्याच्याकडे प्लांटची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचं कंत्राट, होतं त्याने आम्हाला गंडवलं. परवा चोइथराम मंडीत कळलं की तो आता आणखी दोघांकडे जातोय, म्हणून हे लिहितोय.

माणूस आपल्यातलाच. रामबागेत राहणारा, बाबांना ‘काका’ म्हणणारा, गणपतीत आरतीला हजर. दुसरं कोटेशन मागवायचं आमच्या मनातही आलं नाही. आई तर त्याला पुरणपोळ्या बांधून द्यायची.

पहिल्याच मे महिन्यात कंप्रेसर सारखा बंद पडू लागला. हाय प्रेशर कटआउट (प्रेशर फार चढलं की मशीन आपोआप बंद करणारा स्विच) तुटायचा, म्हणजे करंट तोडायचा, ऑपरेटर रीसेट दाबायचा, अर्ध्या तासात पुन्हा तेच. खरं कारण होतं कंडेन्सरच्या नळ्यांवर साचलेला क्षार. उष्णता बाहेर पडत नव्हती, प्रेशर चढत होतं, आणि कटआउट आपलं काम चोख करत होता. हा म्हणाला, “काका, कटआउटच गेलाय, बदलून टाकतो.” १४ हजार घेतले. त्यानंतर प्लांट एकदाही थांबला नाही. बाबा चारचौघांत त्याचं कौतुक करायचे.

यंदा आग्र्याकडचा नवा ऑपरेटर आला. आल्या आल्या म्हणाला, कटआउट तुटताना बघायचाय. एकाला स्टॉप बटणावर हात ठेवून उभं केलं आणि कंडेन्सरचं पाणी हळूहळू कमी केलं. १८० पौंडांवरचा काटा चढू लागला. आमचं सेटिंग २२० चं. काटा २३५ वर गेला तेव्हा त्याने हातानेच मशीन बंद केलं. “भैया, ये तो कटता ही नहीं.”

झाकण उघडलं तर दोन टर्मिनलमध्ये वायरचा वीतभर तुकडा. कटआउट तुटला काय, न तुटला काय, करंट चालूच. शिवाय बसवलेला स्विच फ्रिऑन या दुसऱ्या गॅसच्या प्लांटचा होता, आतला भाग तांब्या-पितळेचा. अमोनिया तांबं-पितळ खातो, त्यामुळे तिथे स्टीलचाच लागतो. हा आतून हिरवानिळा पडला होता.

मग गॅस डिटेक्टरकडे वळलो. हिरवा दिवा कायम लागलेला असायचा, तो बघून आम्ही निश्चिंत. तो दिवा फक्त वीज आहे एवढंच सांगतो, हे मला त्या दिवशी कळलं. अमोनियाच्या पाण्यात बुडवलेला कापूस अगदी जवळ धरला. आमचा अलार्म २५ पीपीएमवर वाजायला हवा (३०० पीपीएमला जिवाला तत्काळ धोका मानतात). नाकाला झोंबलं, डोळ्यांतून पाणी आलं, भोंगा गप्प. ‘नवीन सेन्सर’चं बिल गेल्या वर्षीचं, सेन्सरवर छापलेलं साल त्याच्या चार वर्षं आधीचं. असे सेन्सर साधारण दोन-तीन वर्षांत मरतात.

त्याने दिलेली कॅलिब्रेशनची (मीटर बरोबर दाखवतात याची) सर्टिफिकेटं मात्र देखणी, लॅमिनेशन केलेली! तीन वर्षांची शेजारी शेजारी ठेवली तर सगळे आकडे तेच, खोलीचं तापमानही तिन्हींवर २७.४. त्यातल्या एकावर ‘जागेवर जाऊन तपासणी’ची तारीख होती रंगपंचमीची. इंदुरात त्या दिवशी प्लांटला कुलूप असतं आणि आम्ही सगळे राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघत असतो. एनएबीएलचा (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचा) म्हणून छापलेला नंबर त्यांच्या साइटवर शोधला, तर भलत्याच लॅबचा निघाला.

थर्मामीटर तपासायला तर कुणीच लागत नाही. बादलीत बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घ्या, प्रोब बुडवून नीट ढवळा, शून्य दाखवायला हवं. आमच्या एका चेंबरचं मीटर उणे ४ दाखवत होतं. म्हणजे पडद्यावर ३ अंश दिसत होते तेव्हा आत ७ होते. त्याच चेंबरमधल्या बियाण्याच्या बटाट्याला गेल्या साली मोड आले होते.

फोन केला तर म्हणाला, “दादा, तीन वर्षं प्लांट बंद पडला का? मग?” पोलिसांत अर्ज दिलाय. एएमसीच्या कागदावर ‘तपासणी’ एवढंच लिहिलंय, काय तपासायचं आणि कसं, ते कुठेच नाही. तो मसुदा त्याचाच, सही बाबांची. सेफ्टी व्हॉल्व्ह कधी बसवले त्याचीही नोंद सापडेना, म्हणून सगळे नवे मागवले आहेत.

मोड आलेला माल सांवेरच्या एका शेतकऱ्याचा होता. तुमचं बियाणंच ओलं आलं होतं, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. त्यांना अजून फोन केलेला नाही.