बांडुंगची ‘जुन्या शाळां’ची पायी फेरी: सुंदानी शिक्षणाचा इतिहास, पण अर्धाच

चहाचे मळे आणि ज्वालामुखी बघून झाले असतील तर इंडोनेशियात जावा बेटावरच्या बांडुंगमध्ये ही अर्ध्या दिवसाची फेरी जरूर करा. माणशी दीड लाख रुपिया, पाणी आणि आंगकोतचं, म्हणजे तिथल्या छोट्या प्रवासी व्हॅनचं, भाडं त्यातच. वाट दाखवायला एक सुंदानी, म्हणजे पश्चिम जावाच्या मूळ समाजातली, तरुणी असते. सगळे तिला तेतेह (ताई) म्हणतात, आम्हीही म्हणायला लागलो. मी निवृत्त शिक्षिका, त्यामुळे सनावळ्या घोकून दाखवणाऱ्यांची मला धास्तीच असते. हिने सनावळ्या कमी आणि भानगडी जास्त सांगितल्या.

सुरुवात अलुन-अलुन चौकाशेजारच्या पेंदोपोपासून, म्हणजे रीजंटच्या (डच राजवटीतल्या स्थानिक जिल्हाप्रमुखाच्या) जुन्या वाड्यापासून. १६ जानेवारी १९०४ ला देवी सार्तिकांनी मुलींची ‘साकोला इस्त्री’ इथे सुरू केली, एवढं कुठेही वाचायला मिळतं. तेतेह त्याच्याही मागे गेली. १८९३ मध्ये शेजारच्या सुमेदांगचे मार्तानगारा बांडुंगचे रीजंट झाले. बाहेरचा माणूस डोक्यावर आला म्हणून स्थानिक सरदार बिथरले आणि डायनामाइटने त्यांना उडवण्याचा कट शिजला. त्या प्रकरणात देवी सार्तिकांच्या वडिलांना थेट तेर्नाते बेटावर हद्दपार केलं. मुलगी चिचालेंगका या गावी नातलगांकडे वाढली. मोठी झाल्यावर शाळेसाठी परवानगी मागायला गेली ती कुणाकडे? याच मार्तानगारांकडे! त्यांनी आधी का-कू केली, मग आपल्याच आवारात जागा दिली. उन्हात उभं राहून हे ऐकताना आमच्यातलं कुणी मोबाइलकडे बघत नव्हतं. १९१२ पर्यंत पासुंदानमध्ये, म्हणजे सुंदानी मुलखात, अशा नऊ शाळा झाल्या होत्या.

पुढे कौतामान इस्त्री रस्त्यावरची शाळा फाटकाबाहेरूनच पाहिली. वर्ग चालू होते, ते बरंच वाटलं. मग आंगकोतने मेर्देका रस्ता. १८६६ मध्ये सुरू झालेलं शिक्षकांचं विद्यालय, लोकांच्या तोंडी ‘साकोला राजा’ (राजांची शाळा), इथे होतं. आता तिथे पोलिसांचं मुख्यालय आहे. तेतेहने फुटपाथवरच गारुत गावच्या धर्माधिकारी मोहम्मद मुसांची आणि त्यांचा मित्र होल्ले या डच चहामळेवाल्याची गोष्ट सांगितली. त्या काळी प्रियांगानच्या, म्हणजे बांडुंगभोवतीच्या डोंगराळ मुलखातल्या, बड्या घरांत लिहायची प्रतिष्ठित भाषा जावानी होती. या दोघांनी शाळांसाठी सुंदानी पुस्तकं लिहून-छापून घ्यायचा ध्यास घेतला.

आता तक्रार. फेरीच्या नावात ‘सुंदानी शिक्षण’ आहे, पण पेसांत्रेन, म्हणजे इस्लामी निवासी शाळा, दोन वाक्यांत उरकले, तेही मशिदीसमोरून चालता चालता. डच शाळांच्या कितीतरी आधीपासून गावोगावची पोरं किआईंपुढे (धर्मगुरूंपुढे) बसून अरबी ग्रंथ शिकायची आणि ओळींखाली अरबी लिपीतच सुंदानी अर्थ टिपायची. सरदारांची मुलं जिथे शिकायची त्या डच शाळांत यातलं कोण पोचणार होतं? हे सोडून अर्धा तास कॉफीच्या दुकानात घालवला, तो मला खटकला. कॉफी चांगली होती, हा भाग वेगळा.

सकाळचीच वेळ घ्या, दुपारी पाऊस गाठतो. फुटपाथ उखडलेले आहेत, बूट घाला. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी कळवलं तर मधला टप्पा गाडीने करतात.

गारुतची वेगळी सहल काढता का, असं मी तेतेहला विचारलं. मुसांची मुलगी लास्मिनिंगरात हिने तिथे १९०७ मध्ये मुलींची शाळा काढली होती. पाच जण जमले तर नेते, म्हणाली. आम्ही तिघं आहोत.