तळोद्याकडची भाकरी नि उडदाची डाळ

नंदुरबार जिल्ह्यात तळोद्याजवळ धरणग्रस्तांच्या पुनर्वसन वसाहतीत एका ताईंचं छोटं जेवणाचं ठिकाण आहे, चुलीवरची ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ नि आमचूर घातलेली लाल मिरचीची चटणी, एकदम भारी! भाकरी तव्यावरून थेट ताटात, फुगलेली, वाफ निघतेय. भिंतीवर ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाचं पोस्टर. विचारलं तर म्हणल्या, "दादा, गाव सरदार सरोवरात गेलं. आधी आम्ही भिल, ते पावरा, लढताना सगळे आदिवासी झालो." १९८५ ला वर्ल्ड बँकेनं या नर्मदेवरच्या धरणासाठी ४५ कोटी डॉलर मंजूर केले, बुडणारं मणिबेली गाव लढलं, १९९२ ला बँकेनंच नेमलेल्या मोर्स समितीचा प्रकल्पावर टीका करणारा रिपोर्ट आला नि १९९३ ला उरलेलं कर्ज थांबलं, ही ताकद या लोकांची, मला फार अभिमान वाटतो. बसायला जागा कमी, एकच्या आत जा, डाळ संपते.