टायर बदलला की गाडी बदलते: ‘असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने’चे परीक्षण

मोटार शर्यतीच्या व्हिडिओ खेळाचे परीक्षण बहुतेक वेळा चित्रांपासून सुरू होते आणि गाड्यांच्या यादीवर संपते. ‘असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने’ या खेळाविषयी तसे लिहिले, तर त्यातली खरी गोष्टच सुटून जाईल. इटलीतल्या कुनोस सिम्युलात्सिओनी या संस्थेने २०१९ च्या मे महिन्यात या खेळाची पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध केली आणि त्यानंतर गाड्या व ट्रॅक वाढवत असतानाच गाडी हाताला कशी लागते याचे गणितही पुन्हा पुन्हा बदलले. तोच खेळ, तोच इटलीतला मोंझा ट्रॅक आणि तीच गाडी, पण दोन आवृत्त्यांमध्ये ती चालवण्याची रीत मात्र वेगळी, असा अनुभव इथे येतो. एप्रिल २०२३ मध्ये आलेली १.९ ही आवृत्ती या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून हे परीक्षण प्रामुख्याने तिच्याभोवती आहे.

हा खेळ प्रामुख्याने जीटी३ गटातल्या, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांवरून घडवलेल्या शर्यतीच्या, गाड्यांचा आहे. या गाड्यांना एबीएस (ब्रेक दाबताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (वेग देताना चाके जागीच फिरू न देणारी यंत्रणा) असते, आणि ज्या ‘जीटी वर्ल्ड चॅलेंज’ मालिकेचे हे अधिकृत रूप आहे तिच्यात सर्व स्पर्धकांना पिरेलीचेच टायर वापरावे लागतात. त्यामुळे खेळातल्या टायरचे गणित जरा हलले, तरी त्याचा परिणाम एका गाडीपुरता राहत नाही आणि सगळी स्पर्धाच हलते. २०२३ च्या मोसमाचे नवे टायर खेळात आणताना कुनोसने त्यांच्या हवेचा योग्य दाबही बदलला. आधीच्या १.८ आवृत्तीमध्ये गरम टायरमधला दाब साडेसत्तावीस पीएसआयच्या (हे हवेचा दाब मोजण्याचे एकक) आसपास राखावा लागे, तर १.९ मध्ये तो २६ ते २७ यांच्या दरम्यान उतरला. आकडा किरकोळ वाटतो, पण टायरमध्ये हवा जास्त झाली की त्याचा मधला भाग फुगून जमिनीशी संपर्क कमी होतो, आणि हवा कमी पडली की टायरची बाजू लवते, स्टिअरिंगला उत्तर उशिरा मिळते आणि उष्णता वाढत जाते. हवामान एक अंशाने तापले की दाब साधारण एक दशांश पीएसआयने चढतो, हा खेळाडूंचा पाठ झालेला आडाखा आहे. दुपारची शर्यत आणि संध्याकाळची शर्यत यांसाठी एकच सेटअप, म्हणजे गाडीची जुळवणी, चालत नाही, तो याच कारणाने.

या पार्श्वभूमीवर मला सांगायचे आहे ते असे, की खेळ वास्तवाच्या जवळ गेला म्हणजे तो अवघड झाला, ही समजूत चुकीची आहे. टायर ज्या दिशेला वळलेला असतो आणि प्रत्यक्ष ज्या दिशेला जात असतो, त्या दोन दिशांमध्ये थोडा कोन असतो. हा कोन वाढत जाताना पकडही वाढते, एका टोकाला पोहोचते आणि मग घटू लागते. गाडी सुटते ती या टोकापलीकडे, आणि ती घट किती उभी आहे यावर चालकाचे सगळे सुख-दुःख अवलंबून असते. घट कड्यासारखी असेल, तर मागची चाके घसरल्याचे हाताला कळेपर्यंत गाडी फिरलेली असते. ती उतारासारखी असेल, तर स्टिअरिंग हलके पडते, टायर ओरडू लागतो, आणि चूक सावरण्याएवढा वेळ हातात उरतो. खऱ्या गाडीतही सावधपणे चालवणाऱ्याला ही सूचना मिळतेच. पावसाळ्यात घाट उतरताना ज्याने पुढची चाके क्षणभर सरकल्यासारखी अनुभवली आहेत, त्याला हे वेगळे समजावून द्यावे लागणार नाही.

मोंझावर हे सर्वांत स्पष्ट दिसते. ५.७९३ किलोमीटरच्या या ट्रॅकवर सरळ रस्त्याच्या शेवटी ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढच्या वेगातून जवळजवळ थांबण्याइतका ब्रेक दाबावा लागतो आणि लगेच उजवी-डावी वळणे घ्यावी लागतात. १.८ मध्ये मी तिथे ब्रेक सोडता सोडता नाक आत घातले की मागचा भाग एकदम हलका होई, आणि तो का हलका झाला याचा अंदाज लागत नसे. म्हणून मी त्या वळणात कायम हात राखून जात असे. १.९ मध्ये पहिल्या संध्याकाळी जुन्याच सवयीने गेलो, तेव्हा गाडी सुस्त वाटली. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की आता ब्रेक थोडा अधिक काळ, अगदी हलक्या दाबाने, वळणात घेऊन जाता येतो, कारण वजन पुढे जाण्याची आणि मागे परतण्याची क्रिया आधीपेक्षा सलग जाणवते. वेळेत किती फरक पडला यापेक्षा मला महत्त्वाचे वाटले ते हे, की त्या वळणात गाडी सुटली तर चूक माझी होती आणि ती कोणत्या क्षणी झाली, हे मला सांगता येत होते. आनंदाचा उगम मला इथेच सापडतो.

त्याच वळणांमधले कर्ब, म्हणजे ट्रॅकच्या कडेचे उंचवटे, हा दुसरा धडा आहे. खेळाचा टायर जमिनीला एकाच ठिकाणी टेकलेला मानला, तर कर्बची कड म्हणजे अचानक आलेली पायरी ठरते. इथे मात्र टायरचा संपर्क पाच बिंदूंवर मोजला जातो, त्यामुळे टायरची फक्त आतली बाजू कर्बवर चढली तर तेवढाच भार तिथे जातो. शॉक अब्सॉर्बरचे काम यात मोठे आहे. चाक किती लवकर वर जाते आणि किती लवकर खाली येऊन पुन्हा रस्त्याला टेकते, हे तेच ठरवतात. १.९ नंतर कर्बवरून जाताना मला स्टिअरिंगमध्ये एका धक्क्याऐवजी धक्क्यांची मालिका जाणवू लागली, आणि सॉसेजसारखे उंच कर्ब टाळायचे, सपाट वापरायचे, हा खऱ्या चालकांचा विवेक खेळातही उपयोगी पडू लागला.

पावसाविषयी फार लिहीत नाही. पावसासाठीच्या टायरला ३० पीएसआयच्या आसपासचा दाब लागतो, ट्रॅक गाड्यांच्या जाण्याने हळूहळू सुकतो, आणि बेल्जियममधल्या ७ किलोमीटरच्या स्पा ट्रॅकवर कोरडी रेषा शोधत केलेल्या लॅप्स मला आजही या खेळातल्या सर्वोत्तम वाटतात.

बदल सगळीकडे इतका सुरळीत होतो असे नाही. जुलै २०२४ मध्ये ‘ग्रान तुरिस्मो ७’ या शर्यतीच्या दुसऱ्या खेळाच्या १.४९ या अद्ययावत आवृत्तीने सस्पेन्शनचे आणि टायरचे गणित सुधारले, पण काही विशिष्ट बदल केलेल्या गाड्या चक्क हवेत उडू लागल्या, आणि तो दोष नंतरच्या आवृत्तीत काढावा लागला. त्याच वर्षी आलेल्या ‘एफ१ २४’ या फॉर्म्युला वनच्या खेळामध्ये गाडीचे नाक वळणात अवाजवी उत्साहाने शिरते, अशी तक्रार खेळाडूंनी केली आणि प्रकाशनानंतर काही आठवड्यांतच हाताळणी पुन्हा बदलली गेली. पहिल्या घटनेत गणिताची एक कड तपासायची राहून गेली होती. दुसरी अधिक विचार करायला लावणारी आहे, कारण त्या हाताळणीसाठी मॅक्स व्हर्स्टापेनसारख्या विश्वविजेत्याचा सल्ला घेतला होता. अव्वल चालकाला आवडणारी चपळ गाडी आणि हजारो लोकांना विश्वासार्ह वाटणारी गाडी यांत अंतर असते, हे त्यातून दिसले.

‘कॉम्पेटिझिओने’लाही या बदलांची किंमत मोजावी लागते. १.९ आल्यावर आधीच्या आवृत्तीसाठी घडवलेले सेटअप निरुपयोगी झाले आणि जुन्या लॅपच्या वेळा तुलनेला उरल्या नाहीत. आठवड्यातून दोनच तास खेळणाऱ्या माणसाकडून पुन्हा शून्यापासून सुरुवात मागणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि बदललेले दाब खेळातच स्पष्ट शब्दांत शिकवले असते तर नव्या खेळाडूची वाट सोपी झाली असती. गेमपॅडवर खेळणाऱ्याला वर वर्णन केलेल्या सूचनांपैकी फार थोड्या मिळतात. स्टिअरिंग नसेल, तर या खेळाचा अर्धा भाग बंदच राहतो.

जानेवारी २०२५ मध्ये कुनोसचा ‘असेटो कोर्सा ईव्हीओ’ अपूर्णावस्थेत विक्रीला आला, त्यामुळे आता जुना खेळ का घ्यावा, असा प्रश्न येतो. माझे उत्तर असे आहे, की साधे फोर्स फीडबॅक (टायरचे धक्के हातापर्यंत पोहोचवणारे) स्टिअरिंग घरात असेल तर ‘कॉम्पेटिझिओने’चा मूळ संच घ्या, जादा ट्रॅकचे संच नंतर बघा, आणि पहिला आठवडा एकच गाडी मोंझावर चालवा. खेळात तयार मिळणारा ‘आक्रमक’ सेटअप निवडा, त्यातल्या बाकी कशालाही हात न लावता दर पाच लॅपनंतर चारही टायरचे दाब वाचा, आणि ते २६ ते २७ मध्ये येईपर्यंत हवा थोडी थोडी बदलत राहा.