कूलंट प्रेशर टेस्टर: काही महिने वापरल्यावर

गाडी गरम व्हायला लागली की पहिला संशय रेडिएटरवर जातो, आणि बऱ्याचदा पहिला खर्चही तिथेच होतो. रेडिएटर नवा बसतो, कूलंट नवं भरलं जातं आणि थोड्याच दिवसांत काटा पुन्हा वर चढतो, कारण गळती वॉटर पंपाला होती किंवा झाकणच दाब धरत नव्हतं. हा अंदाजपंचे कारभार थांबवायला मी हाताने दाब भरायचा प्रेशर टेस्टर घेतला. आता माझ्या आणि मित्रमंडळींच्या बऱ्याच गाड्यांवर तो वापरून झालाय. स्वतः बॉनेट उघडून काम करणाऱ्याने तो जरूर घ्यावा, असं माझं मत आहे. फक्त तो कुठे खरं बोलतो आणि कुठे गप्प बसतो, हे आधी कळायला हवं.

वस्तू साधी आहे. हातपंप, त्यावर गेज, एक नळी आणि वेगवेगळ्या तोंडांचे अडॅप्टर. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण काढायचं, तिथे बसणारा अडॅप्टर लावायचा, झाकणावर छापलेल्या आकड्याइतका दाब भरायचा आणि गेजचा काटा उतरतो का ते बघायचं. उतरला तर कुठेतरी गळती आहे. आकडा बारमध्ये असेल तर 0.9 किंवा 1.1 असा काहीतरी असतो, पीएसआयमध्ये असेल तर 13 किंवा 16. त्याच्या वर जायचं नाही. जुन्या प्लास्टिकच्या टाक्या तेवढ्या दाबालाही कुरकुरतात. आणि गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. आत 100 अंशांच्या वरचं कूलंट दाबाखाली असतं, झाकण सैल झाल्याक्षणी ते उकळून अंगावर येतं.

या दाबाचं काम बऱ्याच जणांना माहीत नसतं. साधं पाणी उघड्यावर 100 अंशांना उकळतं, तेच 1 बार जास्तीच्या दाबाखाली साधारण 120 अंशांना. निम्मं इथिलीन ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) घातलं की हा आकडा आणखी वर सरकतो. थर्मोस्टॅट (कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप) 80 ते 90 अंशांच्या दरम्यान उघडतो, फॅन 100 च्या आसपास लागतो, म्हणजे इंजिन पाण्याच्या उकळण्याला खेटूनच चालत असतं. दाब गेला की हा मोकळा पट्टाही गेला. म्हणून बारीकशी गळती असली, टाकीत कूलंट पुरेसं दिसत असलं, तरी चढावर गाडी उकळू शकते.

माझ्या गाडीचं दुखणं असं होतं: टाकीतली पातळी हळूहळू उतरायची, पण गाडीखाली एक थेंब नाही. गॅरेजमध्ये इंजिन गरम करून पाहिलं, काही सापडलं नाही. 'हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) असेल' असं ऐकून घरी आलो. टेस्टर थंड इंजिनावर लावला. काटा काही मिनिटं जागचा हलला नाही, मग केसाएवढा खाली आला. टॉर्च घेऊन रेडिएटरच्या कडेने जाऊ लागलो. आजच्या बहुतेक रेडिएटरमध्ये मधली जाळी अॅल्युमिनियमची असते, दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या टाक्या, मधे रबरी सील, आणि जाळीच्या पत्र्याचे दात मुडपून टाकी आवळलेली असते. वरचा होज (रबरी नळी) जिथे शिरतो त्याच्या जरा खाली दोन दातांच्या मधून एक थेंब फुगत होता. पडत नव्हता. पुरेसा मोठा झाला की कडेच्या खाचेतून ओघळून जाळीच्या मागे नाहीसा व्हायचा. तिथे बोट फिरवलं तर हिरवट-पांढरी, खरखरीत खपली हाताला लागली. खरं तर ती खपलीच आधी दिसायला हवी, कारण टेस्टर नसतानाही तिच्यावरून गळती सापडते. कूलंटमधलं पाणी उडून जातं, आतली रसायनं मागे राहतात. गाडी चालू असताना जाळीची उष्णता आणि फॅनचा वारा थेंब जमिनीपर्यंत पोचूच देत नाहीत. शिवाय तापल्यावर प्लास्टिक फुगतं आणि सांधा थोडा आवळला जातो. त्यामुळे अशी गळती थंड इंजिनावरच सापडते. याच्या उलट, गरम झाल्यावरच उघडणाऱ्या गळत्याही असतात, विशेषतः वॉटर पंपाच्या सीलच्या. पंपाच्या अंगाला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं, सील गेलं की तिथून कूलंट झिरपतं. तिथे ओघळाचा सुकलेला डाग दिसला तर रेडिएटरला हात लावू नका.

आता दुरुस्ती. जुन्या पितळ-तांब्याच्या रेडिएटरला डाग देऊन वर्षानुवर्षं चालवता यायचं. अॅल्युमिनियम-प्लास्टिकच्या बाबतीत ते जमत नाही. दात पुन्हा आवळणं, टाकी काढून नवं सील घालणं हे करता येतं, पण टाकीचं प्लास्टिक उष्णतेने कडक झालेलं असेल तर पुन्हा मुडपताना तडकतं. टाकीला चीर असेल तर दोन भागांची इपॉक्सी घरापर्यंत पोचवते, त्यापुढे तिच्यावर विसंबू नये. जाळीतली एखादी नळी फुटली असेल तर ती चिमटून बंद करता येते, तेवढी थंड करण्याची ताकद कमी होते. आणि बाटलीतला गळती-बंद द्रव? मित्राच्या गाडीत त्याने आधी ओतलेला होता. गळती थांबली होती, हे मान्य. पण केबिनचा हीटर कोमट वारा द्यायला लागला, कारण हीटरच्या आतल्या नळ्या रेडिएटरपेक्षाही बारीक असतात आणि तो गाळ तिथे जाऊन बसतो. आडवाटेला अडकलात तर ओता, घरी असाल तर नको.

मी सरळ रेडिएटर बदलला, कंपनीचा न घेता बाहेरचा. बसवायला काही अडचण आली नाही, मात्र पाणी सोडायचा खालचा प्लग प्लास्टिकचा आणि पातळ आट्यांचा आहे, जाळीच्या पट्ट्याही मूळच्यापेक्षा मऊ वाटल्या. पाण्याची जोरदार पिचकारी मारली तर वाकतील. बसवल्यावर लगेच टेस्टर लावला, अर्धा तास काटा तसाच. तेव्हापासून अधूनमधून लावतो, अजून पातळी हललेली नाही. नवा रेडिएटर लावल्यावरचा हा टेस्ट मला टेस्टरचा सगळ्यात मोठा उपयोग वाटतो. सैल राहिलेली क्लिप किंवा वाकडं बसलेलं सील तिथल्या तिथे कळतं, आणि तेही हात भाजून नव्हे, फक्त थंड कूलंटने ओले होऊन.

झाकण तपासायचा वेगळा अडॅप्टर असतो, तो बहुतेक जण डब्यातून बाहेरच काढत नाहीत. झाकणात दोन झडपा असतात. एक ठरलेल्या दाबाला उघडून जास्तीचं कूलंट बाहेर सोडते, दुसरी गाडी थंड होताना ते परत आत घेते. पहिली कमजोर झाली की दाब धरत नाही. दुसरी अडकली की गाडी थंड झाल्यावर वरचा होज आत खेचला जाऊन चपटा होतो, आणि लोक बिचारा होज बदलतात. एका ओळखीच्यांच्या गाडीचं झाकण 1.1 छापलेलं असताना त्याच्या निम्म्यालाच सोडून देत होतं. त्यांना रेडिएटर बदला म्हणून सांगण्यात आलं होतं. झाकण बदललं, उकळणं थांबलं.

हेड गॅस्केटबद्दल टेस्टर अर्धंच सांगतो. दाब उतरतोय, बाहेर कुठेच ओल नाही, पायाखालचा गालिचाही कोरडा (हीटरची नळी गळली तर तिथे चिकट, गोडसर वासाची ओल येते), तर संशय इंजिनाच्या आत जातो. दुसरी खूण म्हणजे थंड गाडी टेस्टर लावून चालू केल्यावर कूलंट तापायच्या आतच काटा झपाझप चढू लागणं. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये घुसतोय. लगेच इंजिन बंद करून दाब सोडायचा. खात्रीसाठी निळ्या द्रवाचा वेगळा टेस्ट असतो. टाकीच्या तोंडावरची वाफ त्यातून ओढली आणि त्यात कार्बन डायऑक्साइड असला की पेट्रोल गाडीच्या बाबतीत तो निळ्याचा पिवळा होतो. ऑटोमॅटिक गाडी असेल तर आणखी एक गोष्ट बघा. काहींमध्ये गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरच्याच टाकीतून थंड होतं. आतली भिंत फुटली की तेल आणि कूलंट मिसळून गुलाबी, दुधाळ फेस होतो. तो दिसला तर गाडी चालवून गॅरेजला नेऊ नका, उचलून न्या.

तुंबलेला रेडिएटर मात्र टेस्टरवर ठणठणीत पास होतो, कारण तो दाब धरतोच. तिथे लक्षणांवरून जावं लागतं. सिग्नलला उभं असताना तापते आणि गाडी पळू लागली की काटा खाली येतो, तर फॅन, त्याचा रिले किंवा सेन्सर बघा. हळू चालताना ठीक आणि वेगात किंवा चढावर तापते, तर रेडिएटर आतून किंवा बाहेरून तुंबला असण्याची शक्यता जास्त. आतून तुंबण्याचं नेहमीचं कारण म्हणजे नळाचं पाणी. त्यातला चुना नळ्यांच्या आत बसतो. डिमिनरलाइज्ड पाणीच घालावं, आणि रंगावरून कूलंट मिसळू नये. हिरवं, गुलाबी, केशरी या रंगांना कुठलंही ठरलेलं मानक नाही, दोन कंपन्यांची गुलाबी कूलंट पूर्ण वेगळ्या रसायनांची असू शकतात. बाहेरून तुंबण्याची जागा सहसा दिसत नाही: एसीचा कंडेन्सर पुढे असतो, रेडिएटर मागे, आणि दोघांच्या मधल्या फटीत धूळ, किडे, पाल्याचा नमद्यासारखा थर जमतो. पुढून पाहिलं तर सगळं स्वच्छ. तो काढायला पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, कमी दाबाने मारायचं.

तुंबलेला भाग शोधायला इन्फ्रारेड थर्मामीटर वापरतात. जाळीवर थंड पट्टा सापडला की तिथून कूलंट वाहत नाही, हे तत्त्व बरोबर आहे. पण चकचकीत अॅल्युमिनियमवर हे थर्मामीटर कमी आकडा दाखवतं. मापायच्या ठिकाणी कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर नेम धरला की आकडे जुळायला लागतात.

डॅशबोर्डवरच्या काट्याबद्दलही सांगायला हवं. आजच्या पुष्कळ गाड्यांत तो मुद्दाम मधे थोपवलेला असतो, खरं तापमान 80 ला असो की 100 ला, काटा तिथेच. तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकाशी जोडायच्या सॉकेटला) लावायचा छोटा रीडर खरा आकडा दाखवतो, आणि टेस्टरच्या जोडीला मी तोच आधी घ्यायला सांगेन. एक अडचण त्याचीही आहे: कूलंट इतकं कमी झालं की सेन्सर कोरडा पडला, तर आकडा उलट खाली येऊ शकतो. प्रवासात आकडा वर गेलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण वर, आणि तरी उतरला नाही तर बाजूला थांबून इंजिन बंद.

टेस्टरच्या तक्रारी आता. गेजचा पट्टा कामाच्या दाबाच्या दुपटीहून मोठा आहे, म्हणून जे बघायचं ते सगळं डायलच्या खालच्या अर्ध्या भागात दाटलंय आणि बारीक घसरण वाचायला डोळे ताणावे लागतात. अडॅप्टरवर रंगांची खूण आहे, पण कूलंट लागून रंग उडू लागलाय. मी प्रत्येकावर गाडीचं नाव कोरून ठेवलं. पंपाची नळी आखूड असल्याने अडचणीच्या जागी गेज उलटा लोंबतो. सगळ्यात त्रासाची गोष्ट म्हणजे टेस्टर स्वतःच अडॅप्टरच्या जोडाशी झिरपू शकतो आणि मग निरोगी गाडी आजारी ठरते. दाब उतरला की आधी त्या जोडावर साबणाचं पाणी लावून बघायचं. कोमट इंजिनावर लावला तरी काटा उतरतो, कारण आतलं कूलंट थंड होऊन आकसतं. त्याला गळती समजू नये.

दाब सोडताना झडपेतून कूलंटचा फवारा उडतो, म्हणून तिच्यावर फडकं धरा आणि खाली ट्रे ठेवा. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि गोड लागतं, कुत्री-मांजरं ते चाटतात, त्यामुळे सांडलेलं तसंच सोडू नका. काम झाल्यावर पंप साध्या पाण्याने धुऊन वाळवला नाही तर झडपेत कूलंट सुकून बसतं, आणि पुढच्या वेळी ती अर्धवट उघडी राहते. अडॅप्टरच्या रबरी रिंगांचा एक जादा संच डब्यात टाकून ठेवा. माझ्या दोन रिंगा एव्हाना फुगून सैल झाल्या आहेत.